लंडनमधील तीन घरे

परदेशाहून परत आलेल्या मनुष्यास घरी, शेजारी आणि लग्नमुंजीच्या पंगतीत एकच प्रश्न विचारला जातो: काय काय पाहिले? उत्तरादाखल जितकी अधिक नावे सांगता येतील तितका प्रवासाचा पैसा वसूल झाला, असा एक हिशेब आपल्या लोकांत रूढ आहे. लंडनच्या अठरा दिवसांच्या मुक्कामात आम्हीही या हिशेबास जागलो. टेम्स नदीवरचा पूल झाला, टॉवरमधील जडजवाहीर झाले, ब्रिटिश म्यूझियममध्ये पायांचे तुकडे पडेपर्यंत फिरून झाले. त्यांची वर्णने वाचकांनी इतरत्र पुष्कळ वाचली असतील. त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाही. लिहावेसे वाटते ते निघण्याच्या आदल्या दिवसाविषयी. त्या दिवशी सकाळी नवापासून सायंकाळी सातपर्यंत आम्ही अवघी तीन घरे पाहिली, आणि त्यांतील दोन तर रस्त्यावर उभे राहून.

मंडळी पाच होती. आम्ही उभयता, आमचे बाळमित्र डॉक्टर व त्यांच्या पत्नी, आणि दुसरे बाळमित्र प्रोफेसर. आम्ही तिघेही मूळचे पळस्प्याचे. पनवेलच्या पुढे जेथे मुंबईहून आलेली सडक दुभंगते, एक वाट घाटाने पुण्याकडे व दुसरी कोकणात उतरून गोव्याकडे जाते, तो फाटा म्हणजे पळस्पे, एवढीच बहुतेकांस या गावाची ओळख. डॉक्टर तरुणपणीच विलायतेस गेले, तेथील सरकारी इस्पितळांत नोकरी करून निवृत्त झाले व उत्तर लंडनमध्ये घर करून राहिले. प्रोफेसरांनी पुण्यास इतिहास शिकविण्यात हयात घालविली. आम्ही मात्र पळस्पे सोडले नाही.

निघताना डॉक्टरांच्या पुतण्याने आमच्याजवळ एक लांबट पाकीट दिले होते. डॉक्टरांचे वडिलोपार्जित घर, त्यामागची वाडी व विहीर एका बांधकाम व्यावसायिकास देण्याचा त्याचा विचार होता, आणि पाचही हिस्सेदारांच्या संमतीचा मसुदा त्यात होता. चार सह्या झाल्या होत्या. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. पण पनवेल तालुक्यातील जमिनीस भाव त्याच्या कितीतरी आधीपासून आला आहे, आणि पुतण्याचे म्हणणे व्यवहारदृष्ट्या वावगे नव्हते. छपराचे वासे वाळवीने खाल्ले आहेत, दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घ्यावयास माणूस मिळत नाही. अडचण एकच. त्या घरात डॉक्टरांच्या थोरल्या वहिनी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, आणि चार खोल्यांच्या आधुनिक सदनिकेचे त्यांस सांगितले तर, "मग तुळस कोठे लावू?" एवढेच विचारतात.

हे पाकीट पहिल्याच दिवशी आम्ही डॉक्टरांच्या स्वाधीन केले. पुढे सतरा दिवस त्याविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या सकाळी मात्र कोट चढविताना त्यांनी ते आतल्या खिशात घातलेले आम्ही पाहिले.

दिवसाचा बेत प्रोफेसरांचा. "इंग्रजांचे लंडन पुष्कळ झाले," ते म्हणाले, "आज आपल्या सडकेवरचे लंडन पाहू." याचा अर्थ त्यांनी लगेच सांगितला नाही, शिक्षकी पेशाच्या माणसास उत्तर थोडे लांबविण्याची सवय असतेच.

वॉरिक ॲव्हेन्यू या भुयारी स्टेशनावर आम्ही उतरलो. तेथून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर हाऊली प्लेस नावाची एक शांत गल्ली आहे. पांढऱ्या गिलाव्याची ऐसपैस घरे, पुढे लहानशी बाग, आणि रहदारी जवळजवळ नाहीच. तेथील दहा क्रमांकाच्या घरावर एक गोल निळी पाटी आहे, आणि तीवर लोकमान्य टिळक १९१८-१९१९ मध्ये येथे राहत होते असे लिहिले आहे.

या निळ्या पाट्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. थोर माणसांच्या राहत्या घरांवर खुणेची पाटी लावण्याची ही प्रथा लंडनमध्ये १८६६ साली सुरू झाली. पहिली पाटी १८६७ साली कवी बायरनच्या जन्मस्थानावर लागली, आणि ते घर पुढे १८८९ साली पाडले गेले! आज हे काम इंग्लिश हेरिटेज ही संस्था पाहते. माणूस दिवंगत होऊन निदान वीस वर्षे झालेली असावीत व त्याचे राहते घर उभे असावे, असा दंडक आहे. स्वदेशी-परदेशी असा भेद नाही. राज्याविरुद्ध उभे राहिलेल्या माणसांच्या पाट्याही त्याच राजधानीत लागल्या आहेत. इंग्रजाच्या स्वभावातील हा भाग आम्हांस कौतुकास्पद वाटतो. पण प्रोफेसरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पाटी लागली म्हणून त्या घरास कायद्याचे कसलेही संरक्षण मिळत नाही. मालकास ते विकता येते, आणि कायद्याची दुसरी आडकाठी नसेल तर पाडताही येते.

"मग पाटी कशासाठी?" डॉक्टरांनी विचारले.

"पाडणाऱ्यास माहीत असावे म्हणून," प्रोफेसर म्हणाले.

टिळक येथे आले ते मानाचे पाहुणे म्हणून नव्हे, तर फिर्यादी म्हणून. व्हॅलेंटाईन चिरोल या पत्रकाराने १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांस हिंदुस्थानातील असंतोषाचे जनक ठरविले व त्यांच्यावर नाही नाही ते आरोप केले. मंडालेच्या सहा वर्षांच्या कारावासातून सुटल्यावर टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि त्यासाठी १९१८ च्या शरदात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ते लंडनला आले. १९१९ च्या फेब्रुवारीत निकाल विरुद्ध गेला व खर्चाचा मोठा बोजा अंगावर पडला. तरी ते त्यानंतरही कित्येक महिने येथे राहिले, सभा केल्या, मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी संबंध जोडले, आणि वर्षअखेरीस मायदेशी परतले. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९२० रोजी, त्यांचे मुंबईस देहावसान झाले.

आम्ही पुरुषमंडळी खटल्याविषयी बोलत होतो. वहिनी बराच वेळ त्या घराच्या बंद खिडक्यांकडे पाहत उभ्या होत्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "एवढ्या थंडीत त्यांच्या स्वयंपाकाचे काय होत असेल हो?" इतिहासाच्या पुस्तकांत असे प्रश्न क्वचितच विचारले जातात. वहिनी स्वतः या शहरात आल्या तेव्हा कढीलिंबाची दोन पाने मिळविण्यासाठी अर्धे लंडन ओलांडीत, हे आम्हांस ठाऊक होते.

हाऊली प्लेसच्या बाजूसच कालव्यांचा संगम आहे. त्या भागास 'लिटल व्हेनिस' म्हणतात. नाव थोडे मोठे वाटले, परंतु जागा रम्य आहे. रीजंट कालव्याचा येथून कॅम्डनपर्यंतचा भाग १८१६ साली व पुढे टेम्सपर्यंतचा भाग १८२० साली खुला झाला. कोळसा, लाकूड, धान्य यांची वाहतूक घोड्यांनी ओढलेल्या होड्यांतून होत असे. आता माल गेला आणि आमच्यासारखे रिकामटेकडे आले. अरुंद, लांबलचक होडीत आम्ही बसलो. होडीची गती मनुष्याच्या चालण्याएवढी. काठावरून एक बाई कुत्र्यास फिरवीत होती ती आमच्या बरोबरीने चालली, आणि अखेर पुढे निघून गेली. मध्ये एक बोगदा लागतो. त्यात होडी शिरली तेव्हा बायकामंडळींनी नकळत पदर सावरले. पुढे प्राणिसंग्रहालयाच्या कडेने जाताना, पूर्वी पक्ष्यांचा असलेला उंच पिंजरा दिसतो.

या संथ प्रवासात डॉक्टर प्रथमच घराविषयी बोलू लागले. माजघरातील झोपाळ्याची डावी कडी वाजते का अजून? पुढच्या ओटीवर दुपारी ऊन कोठपर्यंत येते? शिरढोणच्या बाजूने आलेली एस.टी. फाट्यावर थांबली की तिचा आवाज मागल्या दारी ऐकू येत असे, तो आता येतो का? आम्ही सांगितले की, आता आवाजच आवाज आहे. कोठली गाडी कोणती ते ओळखू येत नाही. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या रस्त्याचे चौपदरीकरण २०११ साली निघाले, ते वर्षानुवर्षे कसे रखडले याची कथाही सांगितली. डॉक्टर हसले. मग म्हणाले, "विहिरीचे पाणी मात्र गोड होते. सबंध आळीत तसे पाणी नव्हते." प्रोफेसर यावर काही बोलले नाहीत.

कॅम्डनला उतरून, तेथील बाजाराच्या गर्दीतून वाट काढीत आम्ही प्रिमरोझ हिल नावाच्या टेकडीवर गेलो. टेकडी म्हणजे आपल्या कर्नाळ्यापुढे उंबरठाच. पण माथ्यावरून सारे लंडन पसरलेले दिसते. गवतावर बसून वहिनींनी डबे सोडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचा तक्कू, आणि पळस्प्याहून आम्ही नेलेली फणसपोळी. वैशाखातील ऊन तेथे आपल्या माघातल्यासारखे गोड लागते.

जेवणानंतर प्रोफेसरांनी आपल्या 'सडके'चा उलगडा केला. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या वाटेला लागावे. थोडक्याच अंतरावर शिरढोण. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांनाही परदेशीचे शहर पाहावे लागले, ते एडनचे. बेड्या घालून नेले व १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. तीच सडक धरून पुढे गेले की महाड येते. आणखी पुढे हातखंब्यास उजवीकडे वळले की रत्नागिरी, जेथे टिळक जन्मले आणि जेथे १९२४ ते १९३७ सावरकर स्थानबद्ध होते. "तेव्हा," प्रोफेसर म्हणाले, "आज पाहावयाची तिन्ही घरे आपल्या फाट्यावरून जाणाऱ्या एकाच रस्त्यावरच्या माणसांची आहेत. ते तिघे एका बाकावर बसून चहा प्याले असते की नाही, हा प्रश्न निराळा."

टेकडीच्या उत्तरेस किंग हेन्रीज रोड आहे. तेथील दहा क्रमांकाचे घर हे दिवसातील दुसरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये येथे राहिले. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, व १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. निवासी घराचे संग्रहालय करण्यास तेथील स्थानिक कौन्सिलची हरकत होती. अपील होऊन २०२० साली परवानगी मिळाली. लंडनमधील इतकी महाग वास्तू सरकारने घेतली यावर त्या वेळी कुरकुर करणारे पुष्कळ निघाले. आम्हांस तो खर्च योग्य वाटतो, कारण तीन घरांपैकी ज्याच्या आत आपल्यास पाऊल टाकता आले असे हे एकच.

आंबेडकर प्रथम १९१६ साली लंडनला आले, परंतु बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परतावे लागले. मुंबईस प्राध्यापकी करून पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे व एका पारशी मित्राचे साहाय्य मिळाले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा आले. सकाळी म्यूझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडताच आत जावे, बंद होताना बाहेर पडावे, रात्री पुन्हा वाचीत बसावे, असा त्यांचा क्रम असे. रात्रीची भूक पापड भाजून भागवीत, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत आलेली आहे. १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने निघाला. खोल्या लहान आहेत, जिना अरुंद आहे. भिंतींवर छायाचित्रे आहेत. आमच्या पुढे नागपूरकडचे एक कुटुंब होते. त्यांतील आजीबाईंनी उंबरठ्यास हात लावून तो कपाळास लावला, आणि मग चपला हातात घेऊन आत गेल्या.

बाहेर आल्यावर कोणी फारसे बोलेना. मग प्रोफेसर डॉक्टरांस म्हणाले, "तू मघाशी विहिरीच्या पाण्याचे म्हणालास. गोड होते खरे. पण आळीबाहेरच्या किती जणांनी ते चाखले असेल?"

२० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी आपल्या सहस्रावधी अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. त्याच दिवशी त्या मंडळींवर हल्ले झाले. पुढे गोमूत्र व शेण घालून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली, आणि पाण्याचा हा हक्क उच्च न्यायालयातून पक्का होण्यास १९३७ साल उजाडले. त्या गावचा रस्ता आमच्या फाट्यावरून जातो. त्या तळ्यात व आमच्या आळीतील विहिरींत त्या काळी फरक होता असे म्हणण्यास आम्हांस काही आधार सापडत नाही. आमच्या आजीच्या तोंडी विहिरीच्या सोवळ्याच्या गोष्टी असत, आणि त्या गोष्टींत रहाटापासून किती हात दूर कोणी उभे राहावयाचे याचा हिशेब असे. डॉक्टरांनाही त्या गोष्टी पाठ होत्या. चॉक फार्मच्या स्टेशनापर्यंत ते खिशावर हात ठेवून चालले.

तिसरे घर हायगेटला. आर्चवे स्टेशनावर उतरून चढ चढावा लागतो. वाटेत डिक व्हिटिंग्टनचा दगड व त्यावरील मांजर पाहून आमच्या सौभाग्यवतींचा शीण गेला. लंडन सोडून निघालेला एक गरीब मुलगा येथे थांबला, घंटानाद ऐकून मागे फिरला व अखेर त्या शहराचा मेयर झाला, अशी ती दंतकथा आहे. क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरील ६५ क्रमांकाचे तांबड्या विटांचे उंच घर म्हणजे एके काळचे 'इंडिया हाऊस'. पंडित श्यामजी कृष्णवर्म्यांनी १ जुलै १९०५ रोजी हिंदी विद्यार्थ्यांसाठी हे वसतिगृह उघडले. सावरकर १९०६ मध्ये येथे आले. १८५७ च्या समरावरील ग्रंथ त्यांनी येथे मराठीत लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९०९ साली हॉलंडमध्ये छापून घ्यावे लागले, आणि सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी १ जुलै रोजी मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीचा वध केला, १७ ऑगस्टला ते फाशी गेले, आणि हे घरही मोडले. सावरकरांस १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्टेशनावर पकडण्यात आले. त्यांच्या नावाची पाटी येथे १९८५ साली लागली. आता घरात खासगी बिऱ्हाडे आहेत. आम्ही उभे असताना एक तरुण सायकल घेऊन बाहेर पडला, आमच्या गर्दीकडे पाहून सवयीने हसला आणि उतारावरून गेला.

या घरासमोर प्रोफेसर व डॉक्टर यांचा वाद झाला. तो येथे देण्यात अर्थ नाही. सावरकरांवरून मराठी घरांत जे वाद होतात तेच त्यांतही होते, आणि दोघेही शाळेत असल्यापासून ते करीत आले आहेत. वहिनी व आमचे कुटुंब अशा वेळी पुढे चालू लागतात.

जवळच वॉटरलो पार्क नावाची बाग आहे. सर सिडनी वॉटरलो या गृहस्थाने, ज्यांस बाग नाही त्यांच्यासाठी म्हणून, आपली ही खासगी मिळकत १८८९ साली लोकांस देऊन टाकली. तेथील जुन्या वाड्यात चहा मिळतो. चहा घेऊन आम्ही एका बाकावर बसलो. ऊन कलले होते. डॉक्टरांनी पाकीट काढले, चष्मा बदलला, आणि पाचही पाने पहिल्यापासून वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी वहिनींकडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, "मला विचारू नका. पण जाऊबाईंना हलवायचे असेल, तर ते तुम्ही स्वतः जाऊन त्यांना सांगा. कागदावर नको."

डॉक्टरांनी पेन उघडले. वाडीची जमीन देण्यास त्यांनी संमती लिहिली. घरापुढे लिहिले की, थोरल्या वहिनी हयात असेतोवर त्यास कोणी हात लावू नये, आणि छप्पर दुरुस्त करण्याचा सर्व खर्च आपण करू. नंतर बराच वेळ थांबून, समासात मराठीतच, विहिरीविषयी एक ओळ घातली: ती बुजवू नये, तिचे कुंपण काढावे, आणि सडकेच्या बाजूने तीवर जाण्याची वाट सर्वांस मोकळी असावी. प्रोफेसरांनी ती ओळ वाचली व पान परत केले. रीतसर दस्त भारतीय वकिलातीमार्फत करावयाचा होता, परंतु पुतण्यास मन कळविण्यास एवढे पुरे होते.

परत आल्यावर चौथ्या दिवशी आम्ही पाकीट पोचविले. पुतण्याचा चेहरा उतरला. त्याने घरासाठी खस्ता खाल्ल्या आहेत, परगावच्या हिस्सेदारांनी पत्रांतून मते द्यावी व त्याने कौले मोजावी, हे त्यास टोचले तर त्यात त्याचा दोष नाही. डॉक्टरांनी दुरुस्तीचे पैसे लवकर धाडावेत असे आम्ही त्यांस स्पष्ट लिहिले आहे. थोरल्या वहिनींनी लंडनच्या गोष्टी ऐकल्या, धाकट्या जावेची प्रकृती विचारली, आणि फणसपोळी तिकडे फुटली तर नाही ना, एवढीच चौकशी केली.

निघताना डॉक्टरांनी आम्हांस आणखी एक काम सांगितले होते. विहिरीवरचा रहाट जागेवर आहे का, ते पाहून कळवावयाचे होते. मागल्या दारी जाऊन पाहिले. रहाट आहे, दोर मात्र नाही.